हलक्या रुळांचा हिशेब: बार्शी लाईटपासून आष्टीच्या डेमूपर्यंत

धाराशिव जिल्ह्याच्या नकाशात रेल्वेची रेघ येडशी, धाराशिव, कळंब रोड, ढोकी अशी सरकत लातूरकडे जाते. भूम, परंडा आणि वाशी हे तीन तालुके तिच्या बाहेरच राहतात. भूम तालुक्यातल्या ईटच्या माणसाला गाडी धरायची तर आधी एसटीने बार्शी किंवा कुर्डुवाडी गाठावी लागते. अहिल्यानगर–बीड मार्ग सुरू झाल्यापासून रुळांची दुसरी रेघ उत्तरेकडून जवळ आली आहे. पण दोन्ही रेघांच्या मधल्या या पठारावर एक प्रश्न शतकभर तसाच आहे. रोजची वाहतूक थोडी, हंगामात कापूस, धान्य किंवा ऊस, यात्रेला एकदम गर्दी आणि बाकीचे दिवस शांत, अशा मुलखात रेल्वे आणावी का? आणली तर किती वजनाची आणि कुणाच्या पैशाने?

हा प्रश्न जगभर विचारला गेला. जर्मनीत त्याला मोटारीवर चालणाऱ्या एकट्या डब्याने उत्तर दिले. आपल्याकडे ‘बार्शी लाईट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेने वेगळे उत्तर शोधले. पुढे एसटीने तिसरे आणि ब्रॉडगेजने चौथे उत्तर दिले. या सगळ्या उत्तरांचा हिशेब आज कुठवर आला आहे, ते इथे क्रमाने पाहू.

रुंदीचा जुना वाद

हिंदुस्थानात रेल्वे आली ती साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवर. डलहौसीच्या काळात ठरलेली ही रुंदी भक्कम होती, पण महागही होती. १८७० साली लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत खर्च आवरण्यासाठी मीटरगेज स्वीकारले गेले आणि तेव्हापासून दोन रुंदी एकाच देशात नांदू लागल्या. त्याही आधी, १८६२ मध्ये, बडोदा संस्थानाने मियागाम ते डभोई असा अडीच फुटी मार्ग टाकला होता. सुरुवातीला त्यावर बैल गाडी ओढत. वाफेचे इंजिन नियमित चालू लागले ते १८७३ मध्ये. रूळ महाग असले तरी ते एकदाच टाकायचे असतात. त्यावर बैल चालवायचे की इंजिन, ते पुढे ठरवता येते, हे या मार्गाने दाखवले. शाखा-मार्गांच्या चर्चेत या मार्गाचे नाव फारसे निघत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

अरुंद रुळांच्या विरोधकांचा आक्षेप साधा होता आणि तो आजही टिकून आहे. दोन रुंदी जिथे भेटतात तिथे माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो. त्यात वेळ जातो, पोती फाटतात, हमाली द्यावी लागते आणि चोरीला वाव मिळतो. समर्थकांचे म्हणणे असे की रुंद रूळ जिथे कधी येणारच नाहीत, तिथे ‘माल बदलावा लागतो’ ही तक्रार अप्रस्तुत आहे. तिथे तुलना करायची ती बैलगाडीशी.

कॅलथ्रॉपचा हिशेब

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत आला. पुणे–सोलापूर मुख्य मार्ग बार्शी टाळून गेला होता. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण तिचा माल बैलगाड्यांनी मुख्य मार्गावरच्या बार्शी रोड स्थानकापर्यंत न्यावा लागे. हेच स्थानक आज कुर्डुवाडी म्हणून ओळखले जाते. १८८७ मध्ये कॅलथ्रॉपने लंडनमध्ये अशा पूरक मार्गांसाठी कंपनी नोंदवली. सरकारदरबारी वाटाघाटी करण्यात अनेक वर्षे गेली. अखेर बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन हा सुमारे ३४ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला.

अडीच फूट रुंदी हा या मार्गाचा डोळ्यांत भरणारा भाग, पण तो खरा मुद्दा नव्हता. कॅलथ्रॉपचा खरा मुद्दा आसाच्या भाराचा होता. इंजिन असो की मालडबा, प्रत्येक आसावर जास्तीत जास्त ५ टन भार पडावा आणि तो सगळीकडे शक्य तेवढा सारखा असावा, असे त्याने ठरवले. भार सारखा राहिला की रूळ हलका चालतो. त्याने यार्डाला ३० पौंडाचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचा रूळ वापरला. आजच्या ब्रॉडगेजवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. रूळ हलका झाल्यावर त्याखालची खडी, पूल आणि भराव यांचाही खर्च कमी होतो. म्हणजे एका आकड्यावर साऱ्या मार्गाचा खर्च ठरतो.

दुसरी गोष्ट डब्यांची. अरुंद रुळांवर अरुंद, खेळण्यासारखे डबे चालवायचे ही तेव्हाची पद्धत कॅलथ्रॉपने मोडली. दाबून घडवलेल्या पोलादी चौकटी आणि बोगी वापरून त्याने लांब व रुंद डबे बनवून घेतले. त्यामुळे डब्याच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने त्यात बराच जास्त माल मावू लागला. लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून या सामानाची चाचणी घेतली गेली आणि ती पाहायला इंग्लंडमधले रेल्वे इंजिनिअर आले. किटसन कंपनीने बार्शीसाठी बनवलेल्या पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चालक चाके होती. भार पसरवायचा म्हणजे चाके वाढवायची, हे त्यांच्या रचनेतच दिसे.

ही कल्पना पुढे इंग्लंडमध्येही गेली. स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तिचा इंजिनिअर कॅलथ्रॉपच होता. माल उतरवण्याच्या जुन्या आक्षेपाला तिथे त्याने एक उत्तर दिले. रुंद रुळांचा डबा जसाच्या तसा उचलून अरुंद रुळांच्या वाहक-गाड्यावर बसवायचा आणि पुढे न्यायचा. तरीही तो मार्ग १९३४ मध्ये बंद पडला, कारण खोऱ्यात वाहतूकच पुरेशी नव्हती. याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारण्यासाठीचे पॅराशूटही बनवले. हलके आणि भरवशाचे असे दोन्ही एकत्र साधण्याची त्याला आवडच असावी.

इकडे बार्शीचा मार्ग टप्प्याटप्प्याने वाढला. पूर्वेकडे तो १९११ मध्ये लातूरला पोचला. पश्चिमेकडे पंढरपूर जोडले गेले आणि १९२७ मध्ये मिरज. कॅलथ्रॉपचा मृत्यूही त्याच वर्षी झाला. सुमारे ३२५ किलोमीटरचा हा अडीच फुटी मार्ग एका बाजूला मुंबई इलाख्यात आणि दुसऱ्या बाजूला निजामाच्या हद्दीत होता. म्हणजे पोत्याला प्रवासात करोडगिरीचा, म्हणजे जकातीचाही जाच होता. लातूरच्या बाजारपेठेची वाढ आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला जाणारी वारकऱ्यांची गर्दी या दोन्हींशी ही रेल्वे जोडली गेली. तिच्या संथपणावर जुनी माणसे आजही हसून बोलतात, पण त्या मुलखाच्या व्यापाराचा नकाशा तिने बदलला, यावर अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

मोटार रुळांवर येते

कॅलथ्रॉपने रूळ आणि डबे हलके केले, पण वाफेचे इंजिन तसेच ठेवले. वाफेच्या इंजिनाची अडचण वजनापुरती नसते. ते तापवायला काही तास लागतात, कोळसा आणि पाणी सतत लागते आणि चालवायला चालक व फायरमन असे दोघे हवेत. वीस प्रवाशांसाठी हा सारा संसार हलवणे परवडत नाही. म्हणूनच युरोपात दुसरा प्रयोग सुरू झाला: इंजिन वेगळे न ठेवता प्रवासी डब्यातच बसवायचे.

या प्रयोगाची पहिली पावले जर्मनीत पडली. गॉटलीब डाइमलरने १८८७ मध्ये कानस्टाट येथे आपले पेट्रोल इंजिन रुळांवरच्या छोट्या गाडीला लावून दाखवले. पुढे काही जर्मन संस्थानी रेल्वेंनी मोटार-डबे चालवून पाहिले. सुरुवातीला अडचण गिअरची होती. मोटारगाडीला पुरणारा गिअरबॉक्स कित्येक टनांचा डबा ओढताना टिकत नसे. त्यावर दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे पेट्रोल इंजिनाने वीज तयार करून विजेच्या मोटारीने चाके फिरवायची. दुसरी म्हणजे डब्यात बॅटऱ्याच ठेवायच्या. प्रशियात १९०७ पासून विटफेल्डच्या रचनेचे बॅटरी-डबे असेच धावले. स्वीडनमध्ये १९१३ साली डिझेल-विजेवरचा डबा रोजच्या वाहतुकीत आला. अमेरिकेत मॅककीन कंपनीच्या टोकदार नाकाच्या मोटार-डब्यांनी १९०५ पासून काही काळ धूम केली, पण यंत्रे वारंवार बिघडल्याने ते मागे पडले.

शाखा-मार्गांना खऱ्या अर्थाने उपयोगी पडले ते पुढच्या पिढीतले साधे डबे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत विस्मारच्या कारखान्यातून रेल्वेबस निघाली. तिच्या दोन्ही टोकांना पुढे आलेल्या बोनेटखाली फोर्डचे एकेक इंजिन असे आणि जायच्या दिशेप्रमाणे ते वापरले जाई. लोकांनी तिला डुकराच्या नाकाडावरून टोपणनाव दिले. बस बनवणाऱ्यांचेच सुटे भाग वापरायचे, म्हणजे बिघाड झाला तर शेजारच्या शहरात भाग मिळतो, हे त्यामागचे साधे धोरण. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० पासून युर्डिंगनच्या कारखान्याची रेल्वेबस आली. पश्चिम जर्मनीत तिला ‘शाखा-मार्गांची तारणहार’ म्हणत. तिचे शेवटचे डबे २००० साली रोजच्या सेवेतून निघाले.

या कथेचा दुसरा अर्थही लावता येतो. आयर्लंडच्या काउंटी डोनेगल रेल्वेचे रूळ तीन फुटांचे होते. तिच्या व्यवस्थापनाने १९३१ मध्ये डिझेल रेलकार आणली आणि ती रस्त्यात कुणी हात केला तरी थांबू लागली. खर्च घटला, लोक खूश झाले, पण १९५९ अखेर मार्ग बंद झालाच. म्हणजे मोटार-डब्याने तीसेक वर्षांचे आयुष्य दिले, अमरत्व नाही. काही अभ्यासक याला यश म्हणतात, काही लांबलेला मृत्यू. दोन्ही बाजूंच्या हाती आकडे तेच आहेत.

आपल्याकडची मोटार आणि आपल्याकडचे रूळ

भारतात मोटार-डबा आला तो मुख्यतः डोंगरी मार्गांवर. कालका–शिमला मार्गावरची रेलकार प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातल्या माथेरान मार्गावरची एक रेलकार दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेली आहे. माथेरानच्या मार्गाचा जर्मनीशी दुहेरी संबंध आहे. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून १९०७ मध्ये सुरू झालेल्या या दोन फुटी मार्गाचा सल्लागार इंजिनिअर कॅलथ्रॉपच होता, तर वाफेची पहिली इंजिने बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची होती. १९५० च्या दशकाच्या मध्यात डिझेल इंजिने आली, तीही जर्मनीतल्या आर्नोल्ड युंग कंपनीची. वळणे तीव्र असल्याने ही इंजिने सांधेदार बनवून घेतली होती.

सपाट मुलखातल्या नॅरोगेजवर मात्र डिझेल उशिरा आले, आणि आले ते वेगळ्या रूपात. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या ‘शकुंतला’ मार्गावर १९२१ च्या वाफेच्या इंजिनाने १९९४ पर्यंत काम केले. त्यानंतर डिझेल आले, पण ते वेगळे इंजिन म्हणून. मागे डबे जुन्याच पद्धतीने जोडलेले. पाचोरा–जामनेरवरही तसेच. म्हणजे वाफेची जागा डिझेलने घेतली, पण गाडीची रचना बदलली नाही. जर्मनीत बदलली होती ती रचनाच. हा फरक आपल्याकडच्या चर्चेत फार वेळा नजरेआड होतो. ‘डिझेल आणूनही नॅरोगेज तोट्यातच राहिले’ हे विधान खरे आहे, पण मोटार-डब्याच्या प्रयोगाला ते लागू पडत नाही. तो प्रयोग या मार्गांवर पुरेसा झालाच नाही. १९९० च्या दशकात मेडता रोड–मेडता सिटी आणि मथुरा–वृंदावन येथे रेल्वेबस चालवल्या गेल्या, पण तेही तुरळक अपवाद ठरले.

रस्त्याची स्पर्धा आणि एसटी

नॅरोगेजला खरे आव्हान दिले ते रस्त्याने. १९३० च्या दशकात मोटारबसने रेल्वेचे प्रवासी पळवायला सुरुवात केली, तेव्हा मिचेल आणि कर्कनेस यांचा १९३३ चा अहवाल, पुढे वेजवुड समिती आणि १९३९ चा मोटार वाहन कायदा ही सारी मालिका याच काळजीतून आली. निजामाच्या रेल्वेने मात्र आणखी एक पाऊल पुढे टाकले. १९३२ मध्ये तिने स्वतःच्या २७ गाड्या घेऊन रस्ता वाहतूक विभाग सुरू केला. ज्याला स्पर्धक समजावे त्यालाच घरात घेण्याचा हा व्यवहारी मार्ग होता. त्या संस्थानातला मराठवाडा पुढे महाराष्ट्रात आला, आणि १९६१ मध्ये विदर्भ व मराठवाड्याच्या सरकारी बससेवा एसटी महामंडळात मिसळल्या.

एसटीने शाखा-मार्गांचा पाया हळूहळू काढून घेतला, असे म्हणणारे चूक नाहीत. पण त्यात कुणाचे कारस्थान नव्हते. बस गावाच्या पारापर्यंत येते, गाडी मात्र स्थानकापर्यंतच. बार्शी लाईटची स्थानके बऱ्याच ठिकाणी गावापासून दूर होती. धाराशिव शहर तर तिने बाजूलाच ठेवले होते. जिल्ह्याचे ठिकाण असूनही जवळचे स्थानक येडशी. १ जानेवारी १९५४ ला सरकारने कंपनी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. १९६९ च्या तोट्यातल्या शाखा-मार्गांच्या समितीपासून पुढच्या प्रत्येक आढाव्यात एकच प्रश्न फिरत राहिला: हे मार्ग चालू का ठेवावेत?

इथे एक हिशेबी पेच आहे आणि तो सोडवल्याशिवाय वाद मिटत नाही. शाखा-मार्गावरून आलेला माणूस मुख्य मार्गावर पुढे मुंबईपर्यंत तिकीट काढतो. त्या तिकिटाचा किती भाग शाखेच्या खात्यात धरायचा? फक्त शाखेवरच्या किलोमीटरइतका धरला तर शाखा तोट्यात दिसते. शाखा नसती तर हा प्रवासी बसने सरळ मुंबईला गेला असता, असे धरले तर ती नफ्यातही दिसू शकते. कोणती पद्धत योग्य, यावर अर्थतज्ज्ञांत आजही एकमत नाही.

पुन्हा रुंद रूळ

१९९२ च्या एक-गेज धोरणाने भारतीय रेल्वेने दिशा निवडली. बहुतेक नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज करायचे किंवा बंद करायचे. कुर्डुवाडी–पंढरपूर आधी बदलला. लातूर–धाराशिव २००७ मध्ये आणि धाराशिव–कुर्डुवाडी २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला, पंढरपूर–मिरज त्यानंतर. दौंड–बारामती याआधीच रुंद झाला होता.

या बदलाचा लाभ मोजताना एक तारीख वारंवार दिली जाते आणि ती देणे योग्यच आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्याही आल्या. राजस्थानातून आलेल्या या वाघिणी नॅरोगेजवर चालूच शकल्या नसत्या. ज्या मार्गाने शंभर वर्षांपूर्वी कापूस गेला त्याच वाटेने पाणी आले, हे केवळ रुळांची रुंदी बदलल्यामुळे शक्य झाले.

दुसरा लाभ धाराशिव शहराचा. रुंदीकरणात मार्ग वळवून तो शहरातून नेला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड–लातूर रोड हा तुकडा विजेवर आला, तेव्हा मध्य रेल्वेचे ब्रॉडगेज जाळे संपूर्ण विद्युतीकृत झाले. म्हणजे मध्य रेल्वेवर वीज सर्वांत शेवटी पोचली ती लातूरच्या या टोकाला. आता लातूरला रेल्वेडब्यांचा कारखाना आहे आणि ‘वंदे भारत’च्या गाड्या तयार करायचे काम तिथे ठरले आहे.

तोट्याच्या बाजूला लहान थांबे आहेत. नॅरोगेजच्या काळात गाडी जिथे जिथे थांबे, तिथे तिथे ब्रॉडगेजची लांब पल्ल्याची गाडी थांबेल असे नाही. मालधक्क्यांवरचे हमाल आणि त्यांच्या आसऱ्याने असलेली छोटी दुकाने यांच्या नुकसानीचा हिशेब कुणी नीट मांडलेला नाही. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना मात्र टिकला. आज तिथे माथेरानच्या डब्यांचे काम चालते. बार्शीच्या अडीच फुटी परंपरेचे कौशल्य त्यामुळे माथेरानच्या दोन फुटी मार्गाच्या कामी आले.

आजचे पक्ष

आज या प्रश्नावर मुख्यतः तीन प्रकारे विचार होतो.

पहिला पक्ष रेल्वे प्रशासनाचा आणि बहुतेक नियोजनकारांचा. देशभर एकच रुंदी, विजेवर चालणारे रूळ आणि मुख्य मार्गाशी थेट जोड, एवढे असले की शाखा ही वेगळी कोटी राहत नाही, असे ते मानतात. गाडी बदलावी लागत नसेल तर प्रवासी बसकडे जाणार नाही. हा तर्क लातूर–मुंबई गाडीच्या बाबतीत खरा ठरला आहे.

दुसरा पक्ष वाहतुकीच्या अर्थशास्त्राचा. तो विचारतो की शंभर प्रवाशांसाठी साठ किलोचा रूळ आणि दोन डझन पूल बांधण्यापेक्षा तोच पैसा चांगला रस्ता, जास्त एसटी आणि वेळेवर सुटणारी बस यांत घातला तर जास्त लोकांना जास्त फायदा नाही का? ‘रेल्वे आली की विकास होतो’ या समजुतीला ते आकड्यांचा आधार मागतात. या पक्षाला गावात फार मान मिळत नाही, पण त्याचा प्रश्न टाळता येत नाही.

तिसरा पक्ष हलक्या, स्वयंचलित गाडीचा. त्याचे म्हणणे असे की रूळ रुंद असले तरी गाडी जड असायलाच हवी असे नाही. दोन-तीन डब्यांची डिझेलवरची डेमू किंवा विजेवरची मेमू दिवसातून सात-आठ फेऱ्या करू शकते, तर आठ डब्यांची पॅसेंजर एकच. प्रवासी फेऱ्या मोजतो, डबे नाही. जर्मनीचे उदाहरण या पक्षाला बळ देते. १९९४ च्या सुधारणांनंतर तिथे स्थानिक रेल्वेची जबाबदारी राज्यांकडे गेली, आणि १९९६ मध्ये बोब्लिंगन–डेटनहाउझन हा बंद पडलेला मार्ग हलक्या डिझेल डब्यांनी पुन्हा सुरू झाला. प्रवासी अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त मिळाले. पण त्यामागे वारंवार फेऱ्या आणि बसशी जुळवलेले वेळापत्रक होते, हेही तितकेच खरे.

माझा कल तिसऱ्या पक्षाकडे आहे, मात्र एका अटीसह: फेऱ्या खरोखर वाढल्या तरच. एका फेरीची डेमू दुसऱ्या पक्षाचाच युक्तिवाद बळकट करते.

आष्टीचा मार्ग आणि अनुत्तरित प्रश्न

ही अट कसाला लावायला जवळचेच उदाहरण आहे. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा नवा मार्ग केंद्र आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून बांधायला घेतला. २३ सप्टेंबर २०२२ ला अहिल्यानगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा तुकडा डेमूने सुरू झाला. १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी बीडपर्यंत पोचली. भारतात पहिली डेमू १९९४ मध्ये जालंधर–होशियारपूरला सुटली होती. मोटार आपल्याच डब्यात घेऊन धावणाऱ्या जर्मन गाडीची ती वंशजच म्हणायची, आकाराने बरीच मोठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये आष्टीच्या या डेमूला लागलेली आग बातम्यांत गाजली, पण मार्गाच्या भवितव्याचा खरा मुद्दा आगीपेक्षा वेळापत्रकाचा आहे. दिवसात एक-दोन फेऱ्या असतील आणि स्थानक गावापासून दूर असेल, तर प्रवासी एसटीच पकडेल. बार्शी लाईटच्या शेवटच्या दशकांत हेच घडले होते.

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा मार्गही निम्म्या राज्य-वाट्याने होत आहे. तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला येणारी गर्दी नवरात्रात एकदम उसळते, इतर दिवशी कमी असते. पंढरपूरच्या आषाढीचा अनुभव पाठीशी असताना इथे गाडीचे नियोजन कसे करायचे? गर्दीच्या दिवसांसाठी लांब गाडी आणि बाकीच्या दिवसांसाठी वारंवार धावणारी छोटी गाडी, असा दुहेरी आराखडा लागेल. तो आजवरच्या कोणत्याही शाखा-मार्गावर नीट आखला गेलेला दिसत नाही.

इंधनाचा प्रश्नही नव्या रूपात परत आला आहे. जर्मनीत २०१८ पासून हायड्रोजनवर चालणारी प्रवासी गाडी धावू लागली, कारण तिथल्या अनेक शाखा-मार्गांवर वीज नाही. भारतीय रेल्वेने ‘हायड्रोजन फॉर हेरिटेज’ योजनेत डोंगरी आणि जुन्या मार्गांची नावे घेतली, त्यात माथेरानही आहे. एका गाडीला सुमारे ८० कोटी आणि एका मार्गाच्या सोयींना सुमारे ७० कोटी रुपये असा अंदाज सरकारने दिला. धाराशिव–लातूर मार्गावर मात्र तारा आल्याने हा प्रश्न सुटला आहे. तिथे मेमू चालवायला तांत्रिक अडचण नाही. अडचण आहे ती एकाच रुळावर जलद गाड्या, मालगाड्या आणि वारंवार धावणाऱ्या छोट्या गाड्या यांना जागा देण्याची.

आणि पठारावरच्या ईट, भूम, पाटोद्यासारख्या गावांचे काय? दक्षिणेची बार्शी आणि उत्तरेचे आष्टी यांना उत्तर–दक्षिण जोडणाऱ्या मार्गाची, तसेच सोलापूर–जळगाव या जुन्या मागणीची चर्चा दर काही वर्षांनी वर येते. त्या मार्गावर रूळ पडोत न पडोत, भूम–बार्शी आणि पाटोदा–बीड रस्त्यांवरच्या एसटीच्या वेळा बार्शी आणि बीडच्या गाड्यांशी जुळवण्याचे काम आताच करता येईल. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये बस आणि गाडी एकाच छपराखाली आणली होती. आज रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची आणि ईटचा प्रवासी दोघांच्या मध्ये. ती दोन वेळापत्रके एकत्र कोण बसवणार, हे अजून कुणी ठरवलेले नाही.